‘मला आठवतच नाही, तर तो माझा बाप्तिस्मा कसा?’

वाचक भगिनीचे पत्र:

आम्ही नागपूरला राहतो. माझे माहेर अहिल्यानगरकडचे, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळीतले; सासर छिंदवाड्याचे आणि तीन पिढ्यांपासून लुथरन. मुलगी नऊ वर्षांची आहे, मुलगा पाच वर्षांचा. दोघांचाही बाप्तिस्मा तान्हेपणीच छिंदवाड्याच्या मंडळीत झाला. अलीकडे मुलीच्या मैत्रिणीच्या थोरल्या बहिणीचा बाप्तिस्मा तलावात बुडवून झाला. तो पाहून आल्यापासून मुलगी विचारते, ‘मला काहीच आठवत नाही, मी काही कबूलही केले नव्हते, तर तो माझा बाप्तिस्मा कसा? मला पुन्हा घ्यावा लागेल का?’ मला उत्तर देता आले नाही. माझे पती म्हणतात की लुथरन शिक्षण घरीच सुरू व्हायला हवे, पण त्यांची नोकरी पाळ्यांची असल्याने ते काम माझ्यावर येते. रविवारी संध्याकाळी तासभर धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरी पाठ करून घ्यायला बसते आणि शेवट रडारडीत होतो. त्यात माझी आई म्हणते की ‘आईबापांचा मान राख’ ही पाचवी आज्ञा, आणि सासरच्या हिंदी पुस्तकात ती चौथी आहे. मी स्वतः लुथरन शिक्षण घेतलेले नाही. मी मुलांना शिकवू शकते का, आणि सुरुवात कोठून करू?

उत्तर:

प्रिय भगिनी,

प्रभूच्या नावात सलाम. तुमच्या पत्रात तीन-चार प्रश्न आहेत, परंतु मुलीच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत आधी द्यायला हवे. अभ्यासाचा क्रम आणि आज्ञांचे आकडे थांबू शकतात; ‘मी देवाची आहे की नाही’ ही शंका घेऊन नऊ वर्षांच्या मुलीला थांबायला लावू नये. तिला आजच जवळ बसवून स्पष्ट सांगा की तिचा बाप्तिस्मा खरा आहे, पूर्ण आहे आणि तो पुन्हा घ्यावा लागणार नाही. कारणे त्यानंतर सांगा, पण हे वाक्य आधी आणि कोणत्याही ‘पण’शिवाय सांगा.

कारण तिच्या प्रश्नातच दडलेले आहे. ‘मला आठवत नाही’, ‘मी कबूल केले नाही’ असे ती म्हणते, तेव्हा बाप्तिस्मा हे माणसाने देवासाठी केलेले काम आहे असे तिने गृहीत धरलेले असते. तिच्या मैत्रिणीच्या घरी कदाचित तसेच शिकवले जात असेल. लुथरन शिकवणीचा सगळा भर याच्या उलट बाजूवर आहे. बाप्तिस्मा देणारा देव आहे. पाळकाचे हात आणि पात्रातले पाणी ही त्याची साधने आहेत, आणि बाळ हे घेणारे आहे. लुथरन परंपरा ज्यांच्या नावाने ओळखली जाते त्या सोळाव्या शतकातील जर्मन धर्मसुधारक मार्टिन लुथर यांच्या लहान प्रश्नोत्तरीत बाप्तिस्म्याविषयी चार प्रश्न आहेत, आणि त्यांपैकी पहिल्याचेच उत्तर असे आहे की बाप्तिस्मा म्हणजे नुसते पाणी नव्हे, तर देवाच्या आज्ञेत सामावलेले आणि देवाच्या वचनाशी जोडलेले पाणी. ती आज्ञा मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी आहे: सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करा आणि त्यांना पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा द्या. दुसरा प्रश्न बाप्तिस्म्याने काय मिळते हा आहे, आणि त्याचे उत्तर पापांची क्षमा, मरण व सैतान यांच्यापासून सुटका आणि विश्वास ठेवणाऱ्यांना सार्वकालिक तारण, असे दिले आहे. तिसरा प्रश्न तर मुलांच्याच तोंडचा वाटतो: पाण्याने एवढे मोठे काम कसे होईल? लुथर उत्तर देतात की ते पाण्याने होत नाही. पाण्याबरोबर असलेले देवाचे वचन आणि त्या वचनावर भरवसा ठेवणारा विश्वास यांनी होते, आणि तेथे ते पौलाने तीताला लिहिलेले नव्या जन्माच्या स्नानाचे शब्द पुढे ठेवतात. चौथ्या प्रश्नाकडे मी नंतर येतो.

मग विश्वासाचे काय? मुलगी हे विचारणारच, आणि विचारले नाही तर तुम्ही स्वतः काढा, नाहीतर बाप्तिस्मा एकदा उरकला की काम झाले, अशी समजूत तिच्या मनात रुजेल. लहान प्रश्नोत्तरीच्याच वर्षी, १५२९ मध्ये, आलेल्या अधिक विस्तृत मोठ्या प्रश्नोत्तरीत लुथर याबद्दल फार नेमके लिहितात. माझा विश्वास बाप्तिस्मा घडवीत नाही, तो बाप्तिस्मा स्वीकारतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. विश्वास डळमळला म्हणून बाप्तिस्मा खोटा ठरत नाही. परंतु विश्वास नसेल तर मिळालेले दान न उघडता पडून राहते. बाळाला विश्वास असावा अशा आशेने आणि तशी प्रार्थना करीत आपण त्याला आणतो, पण बाप्तिस्मा देतो तो त्या आशेच्या आधारावर नव्हे, देवाने आज्ञा दिली आहे म्हणून. तुमच्या मुलीला हे तिच्या भाषेत सांगता येईल: ‘तू तेव्हा काही बोलली नव्हतीस, बोलला होता तो देव. आता तू मोठी होत आहेस आणि त्याला उत्तर देत आहेस.’

तिने शास्त्रातला आधार मागितला तर लूकच्या अठराव्या अध्यायापासून सुरुवात करा. तेथे लोक येशूकडे तान्ही बाळे घेऊन येतात, शिष्य त्यांना दटावतात आणि येशू म्हणतो की देवाचे राज्य अशांचेच आहे. त्या बाळांपैकी कोणालाही तो स्पर्श पुढे आठवला नसेल, तरी तो झाला होता. नंतर प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायातले पेत्राचे शब्द वाचा, की हे वचन तुम्हांला व तुमच्या मुलाबाळांना दिलेले आहे. आणि सोळाव्या अध्यायात लुदिया आणि फिलिप्पै येथील तुरुंगाचा अधिकारी यांनी घरच्या सर्वांसह बाप्तिस्मा घेतल्याची हकिकत वाचा. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगा. नव्या करारात तान्ह्या बाळाच्या बाप्तिस्म्याचे स्वतंत्र वर्णन नाही, आणि ते आहे असे तिला भासवू नका. उद्या मैत्रिणीने तेच दाखवले तर तिचा तुमच्यावरचा विश्वास ढळेल. आपला आधार एखाद्या प्रसंगावर नाही, तर ‘सर्व राष्ट्रे’ म्हणणाऱ्या आज्ञेवर आणि मुलाबाळांना सामावून घेणाऱ्या वचनावर आहे. लुथरन मंडळ्यांच्या मूलभूत कबुलीचा, म्हणजे १५३० च्या ऑग्सबुर्ग विश्वासकबुलीचा, नववा लेख याच पायावर सांगतो की बालकांना बाप्तिस्मा द्यावा.

तलावात बुडवण्याच्या मुद्द्यावर फार वेळ घालवू नये. लुथर यांना स्वतःला बुडवण्याची रीत अधिक अर्थपूर्ण वाटत असे, कारण तिच्यात मरणे आणि पुन्हा उठणे डोळ्यांना दिसते. पण पाणी किती यावर बाप्तिस्म्याचा खरेपणा अवलंबून आहे असे त्यांनी कधी म्हटले नाही. मैत्रिणीच्या बहिणीचा बाप्तिस्मा पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने झाला असेल आणि तो तिचा पहिलाच असेल, तर तोही खरा बाप्तिस्मा आहे, आणि तुमच्या मुलीने तिचे मनापासून अभिनंदन करावे. इफिसकरांस पत्रात पौल एक प्रभू, एक विश्वास, एक बाप्तिस्मा म्हणतो. आपण पुन्हा बाप्तिस्मा घेत नाही याचे कारण आपण इतरांपेक्षा श्रेष्ठ आहोत असे नसून, देवाने एकदा दिलेला शब्द दुसऱ्यांदा मागणे म्हणजे पहिल्या शब्दावर अविश्वास दाखवणे होय, हे आहे.

येथे तुमच्या माहेरच्या मंडळीविषयीही थोडे लिहायला हवे, कारण तुमच्या मनातला गोंधळ काही अंशी तिकडून आलेला असू शकतो. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना तुमच्याच नागपुरात २९ नोव्हेंबर १९७० रोजी झाली, आणि तिच्यात बालकांचा बाप्तिस्मा करणाऱ्या मंडळ्यांबरोबर समजत्या वयातच बाप्तिस्मा देणाऱ्या बाप्टिस्ट आणि ब्रदरन मंडळ्याही सामील झाल्या. त्यामुळे त्या चर्चमध्ये दोन्ही रीतींना जागा आहे, आणि काही कुटुंबे तान्ह्या बाळाला प्रार्थनेने फक्त देवाला अर्पण करून बाप्तिस्मा पुढे मोठेपणी घेतात. तुम्ही लहानपणी दोन्ही पाहिले असेल तर ‘खरे कोणते’ हा प्रश्न तुमच्याही मनात दबून राहिलेला असणे शक्य आहे. मुलीला उत्तर देण्यापूर्वी पतींशी त्याविषयी मोकळेपणाने बोला.

आता चौथा प्रश्न, जो मला घरच्या शिक्षणाचा गाभा वाटतो. अशा पाण्याच्या बाप्तिस्म्याचा अर्थ काय? उत्तर असे आहे की आपल्यातला जुना आदाम, म्हणजे पापी स्वभाव, रोजच्या पश्चात्तापाने बुडून मरावा आणि देवापुढे नीतिमत्त्वाने जगणारा नवा मनुष्य रोज वर यावा. आधार रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायाचा. या उत्तरातला ‘रोज’ हा शब्द सोडू नका. बाप्तिस्म्याचा विधी एका दिवसाचा असला तरी त्याचे काम आयुष्यभर चालते. म्हणून घरात बाप्तिस्मा शिकवण्याची जागा रविवारच्या तासात फार थोडी आहे. ती भावंडांच्या भांडणानंतर, खोटे पकडले गेल्यानंतर, झोपण्यापूर्वी आणि सकाळी उठताना आहे. मुलाने बहिणीची वही फाडली, त्याने क्षमा मागितली, तिने क्षमा केली, की तेवढेच म्हणा: ‘हे बाप्तिस्म्याचे काम झाले.’ आणि चूक तुमची असेल, रागाच्या भरात तुम्ही किंवा पतींनी अन्याय केला असेल, तर मुलांसमोर क्षमा मागा. आईबापांनाही रोज बुडून वर यावे लागते, हे पाहिलेल्या मुलाला चौथ्या प्रश्नाचे उत्तर पाठ करायला वेळ लागत नाही.

तुम्ही विचारता, मी शिकवू शकते का. लहान प्रश्नोत्तरी लिहिली गेली तीच तुमच्यासाठी. १५२८ मध्ये सॅक्सनीतील मंडळ्यांची पाहणी करायला लुथर गेले, तेव्हा खेड्यापाड्यांतल्या लोकांना ख्रिस्ती शिकवणीतले काहीच ठाऊक नाही आणि पुष्कळ पाळकांनाही ती शिकवता येत नाही, हे पाहून ते व्यथित झाले. पुढच्या वर्षी, १५२९ मध्ये, हा मजकूर आधी भिंतीवर लावायच्या मोठ्या छापील कागदांच्या रूपाने आला आणि मग पुस्तकरूपाने. त्यातल्या भागांच्या मथळ्यांतच म्हटले आहे की घरातल्या कर्त्याने हे आपल्या कुटुंबाला साध्या रीतीने शिकवावे. आणि कर्ता म्हणजे केवळ वडील असा अर्थ घेऊ नका. १५२२ मध्ये विवाहाविषयी लिहिताना लुथर यांनी म्हटले की आई आणि बाप हे आपल्या मुलांचे प्रेषित, बिशप आणि याजक आहेत, कारण मुलांना शुभवर्तमानाची ओळख तेच करून देतात. ‘मी शिकलेली नाही’ ही अडचणही त्यांनी आधीच दूर केली आहे: मोठ्या प्रश्नोत्तरीच्या प्रस्तावनेत ते सांगतात की मी पंडित आणि उपदेशक असूनही रोज सकाळी आज्ञा, विश्वासांगीकार (ख्रिस्ती विश्वासाची थोडक्यातली कबुली), प्रभूची प्रार्थना हे सारे लहान मुलासारखे शब्दशः म्हणतो आणि या प्रश्नोत्तरीचा विद्यार्थीच राहतो. तुम्ही मुलांबरोबर शिका. आईला एखादे उत्तर पुस्तकात पाहावे लागले तर त्यात कमीपणा नाही.

रविवारचा तास मात्र बंद करा. पाच वर्षांच्या मुलाला तासभर बसवणे त्याच्यावर आणि तुमच्यावरही अन्याय आहे, आणि त्या रडारडीमुळे देवाचे वचन ही शिक्षा आहे असा धडा मुले शिकतात. त्याऐवजी सकाळी पाच मिनिटे आणि रात्री पाच मिनिटे घ्या. लहान प्रश्नोत्तरीच्या शेवटी सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थना आहेत, आणि दोन्हींची सुरुवात सारखीच आहे: क्रूसाची खूण करून ‘पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने’ असे म्हणणे. हेच शब्द तुमच्या मुलांच्या डोक्यावर पाणी घालताना उच्चारले गेले होते. सकाळी डोळे उघडताच ते म्हटले की बाप्तिस्म्याची आठवण कोणत्याही वेगळ्या धड्याशिवाय दिवसाच्या आरंभी येते. माहेरी तुम्हांला क्रूसाची खूण कॅथलिकांची वाटली असेल. लुथर यांनी ती स्पष्ट सांगितलेली आहे, पण ती सक्तीची नाही, त्यामुळे तुमचे मन तयार होईपर्यंत नुसते शब्द पुरेत. त्यानंतर विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना आणि ती छोटी प्रार्थना, जिच्यात देवाच्या पवित्र दूताने माझ्याबरोबर राहावे अशी विनंती आहे. शेवटी लुथर सांगतात की मग एखादे गीत गात आनंदाने कामाला लागावे, आणि रात्री प्रार्थना झाल्यावर लगेच, आनंदाने झोपी जावे. मुलांना ही आज्ञा फार आवडते.

शब्द कोणते वापरावेत, ही तुमच्यासारख्या दोन भाषांच्या घरातली खरी अडचण आहे. लुथर यांचा या बाबतीतला सल्ला कडक आहे: एक पाठ निवडा आणि वर्षानुवर्षे तोच ठेवा, आज एक आणि उद्या दुसरा असे केले तर मुले गोंधळतात आणि सगळे श्रम वाया जातात. माझे मत असे की दहा आज्ञा, विश्वासांगीकार आणि प्रभूची प्रार्थना तुम्ही नागपुरात ज्या मराठी उपासनेला जाता तेथील शब्दांतच पाठ असावीत, म्हणजे मुलांना मंडळीबरोबर एका आवाजात म्हणता येईल. त्यांचा अर्थ सांगणारी उत्तरे सासरच्या हिंदी पुस्तकातून वाचा आणि मराठीत समजावून द्या.

आधी आज्ञा, मग विश्वासांगीकार, मग प्रार्थना, हा लहान प्रश्नोत्तरीतला क्रम सहज आलेला नाही. १५२० मध्ये लुथर यांनी त्याचे कारण एका आजाऱ्याच्या उदाहरणाने दिले: आजाऱ्याला आधी आपला आजार कळावा लागतो, मग औषध कोठे आहे ते कळावे लागते, आणि मग ते मागून आणावे लागते. आज्ञा आजार दाखवतात, विश्वासांगीकार औषध दाखवतो आणि प्रार्थना ते मागायला शिकवते. नियमशास्त्र आणि शुभवर्तमान यांतला हा फरक लुथरन शिकवणीचा कणा आहे, आणि तो मुलांना व्याख्येने न सांगता तुमच्या वागण्यातून कळावा. आज्ञा हाती घेऊन मुलांना रागावून तेथेच थांबाल, तर त्यांना अर्धीच शिकवण मिळेल. चूक दाखवल्यानंतर ख्रिस्ताने ती वाहून नेली हेही त्याच बैठकीत, त्याच रात्री सांगा.

एका वेळी एकच आज्ञा घ्या, आणि शक्य तेव्हा घरातल्या प्रसंगाला जोडून घ्या. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको, या आज्ञेचा अर्थ सांगताना लुथर ‘खोटे बोलू नको’ एवढ्यावर थांबत नाहीत. शेजाऱ्याची बाजू घ्यावी, त्याच्याविषयी चांगले बोलावे आणि त्याच्या प्रत्येक गोष्टीचा होईल तितका चांगला अर्थ लावावा, असे ते सांगतात. शाळेतून येऊन मैत्रिणीची तक्रार सांगणाऱ्या मुलीला हे लगेच लागू करता येते, आणि वर म्हटलेल्या बाप्तिस्म्याच्या वादालाही. विश्वासांगीकाराच्या पहिल्या भागाचा अर्थ सांगताना लुथर यांनी दिलेल्या उत्तरात देवाने मला डोळे, कान, हातपाय, बुद्धी दिली, कपडे आणि पायातले जोडेसुद्धा दिले, अशी यादी आहे. मुलाला त्यात स्वतःच्या घरातल्या वस्तूंची भर घालू द्या. प्रभूच्या प्रार्थनेतल्या ‘रोजची भाकरी’ या शब्दांच्या अर्थात चांगला पाऊस-पाणी, चांगले सरकार आणि चांगले शेजारी हेही येतात, हे नऊ वर्षांच्या मुलीला नवे वाटेल. विश्वासांगीकाराच्या तिसऱ्या भागापाशी मात्र सावकाश थांबा, कारण त्याच्या अर्थात लिहिले आहे की मी स्वतःच्या बुद्धीने किंवा शक्तीने येशू ख्रिस्तावर विश्वास ठेवू शकत नाही, पवित्र आत्म्याने मला शुभवर्तमानाद्वारे बोलावले आहे. ‘मी कबूल केले नव्हते’ या तिच्या चिंतेला याहून चांगले उत्तर मला ठाऊक नाही: आज ती जे कबूल करते आहे, तेही दानच आहे.

चौथी की पाचवी, हा प्रश्न सोपा आहे. शास्त्रात आज्ञा दहा आहेत असे म्हटले आहे, पण बायबलमधील निर्गम या पुस्तकाच्या विसाव्या किंवा अनुवाद या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात त्यांना आकडे घातलेले नाहीत. मूर्ती करू नको हे वचन रिफॉर्म्ड आणि अँग्लिकन परंपरा स्वतंत्र दुसरी आज्ञा म्हणून मोजतात, म्हणून तुमच्या आईच्या गणनेत आईबापांची आज्ञा पाचवी येते. लुथर यांनी प्राचीन चर्चचे आचार्य ऑगस्टीन यांच्यापासून पश्चिमेच्या चर्चमध्ये चालत आलेली गणना ठेवली. तिच्यात मूर्तीविषयीचे वचन पहिल्या आज्ञेतच येते आणि लोभाविषयीच्या आज्ञेचे दोन भाग होतात. वचने तीच, बेरीज तीच. मुलीला दोन्ही गणना सांगा आणि आज्ञा आकड्याने न ओळखता शब्दांनी ओळखायला शिकवा. आजीला मुलांसमोर चुकीचे ठरवू नका; ज्या आज्ञेच्या आकड्यावरून वाद आहे, ती आज्ञाच त्यात मोडली जाईल.

पाच वर्षांच्या मुलाने सध्या प्रश्नोत्तरी पाठ करण्याची गरज नाही. तो तुमचे ऐकून प्रभूची प्रार्थना म्हणू लागेल, आणि त्याच्यासाठी गोष्टी आहेत. लुथर यांनी १५२३ च्या आणि पुन्हा १५२६ च्या बाप्तिस्मा-विधीत एक प्रार्थना घातली, जिच्यात नोहाचा जलप्रलय, तांबड्या समुद्रातून इस्राएलाची सुटका आणि यार्देनेत झालेला येशूचा बाप्तिस्मा यांची आठवण केली जाते. पाण्याच्या या तीन गोष्टी त्याला आळीपाळीने सांगा आणि प्रत्येकीच्या शेवटी सांगा की तुझ्या बाप्तिस्म्यात देवाने हेच केले, तुला पाण्यातून वाचवून आणले. थोरल्या मुलीसाठी १५२६ मध्येच लुथर यांनी सुचवलेला एक खेळ घ्या. उपासनेतून मुलांनी एकेक वचन घरी आणावे, जेवताना म्हणून दाखवावे आणि मनातल्या दोन बटव्यांपैकी एकात ठेवावे; एक बटवा विश्वासाचा, दुसरा प्रीतीचा. पहिल्यात आपल्या पापाविषयीची आणि ख्रिस्ताने केलेल्या सुटकेविषयीची वचने जातात, दुसऱ्यात इतरांची सेवा करण्याविषयीची आणि त्रास सोसण्याविषयीची. तुम्ही कापडाचे खरेच दोन बटवे शिवून त्यांत चिठ्ठ्या ठेवू शकता. हा पोरखेळ आहे म्हणून कोणी शहाण्याने त्याला तुच्छ लेखू नये, असे लुथर यांनीच बजावले आहे.

दोन्ही मुलांच्या बाप्तिस्म्याच्या तारखा तुम्हांला पाठ आहेत का? नसतील तर छिंदवाड्याच्या मंडळीच्या नोंदवहीतून मागवून घ्या आणि दिनदर्शिकेवर वाढदिवसाइतक्याच ठळक लिहा. त्या दिवशी बाप्तिस्म्याचे चार प्रश्न एकत्र वाचावेत, बाप्तिस्म्याच्या वेळी उभे राहिलेल्या धर्ममातापित्यांना फोन करावा आणि त्या दिवसाची हकिकत मुलांना सांगावी: पाळक कोण होते, कोणी कडेवर घेतले होते, बाळ रडले की नाही. लुथर यांचा जन्म १० नोव्हेंबर १४८३ चा, आणि दुसऱ्याच दिवशी, संत मार्टिन यांच्या सणाला, आइसलेबेनमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला म्हणून नाव मार्टिन ठेवले गेले. त्यांनाही त्यातले काही आठवत नव्हते. तरी संकटात आणि मोहात ‘माझा बाप्तिस्मा झालेला आहे’ असे म्हणून ख्रिस्ती माणसाने उभे राहावे, असे त्यांनी मोठ्या प्रश्नोत्तरीत लिहिले. आपल्याकडे बारसे आणि बाप्तिस्मा यांची सरमिसळ होते. बारशाला हरकत नाही, पण बाळाला त्याचे नाव देणे आणि बाळावर देवाचे नाव ठेवले जाणे हे दोन निराळे प्रसंग आहेत, हे मुलांना कळू द्या.

‘आपण लुथरन का?’ असेही मुले विचारतील. तेव्हा घराण्याची हकिकत वडिलांनी सांगावी, कारण ती त्यांची आहे. जुलै १७०६ मध्ये बार्थोलोमेअस त्सिगेनबाल्ग आणि हाइनरिख प्ल्युत्शाऊ हे दोन तरुण लुथरन मिशनरी आजच्या तमिळनाडूतल्या तरंगंबाडीला उतरले, आणि त्सिगेनबाल्ग यांनी ही लहान प्रश्नोत्तरी तमिळमध्ये आणली. त्याच परंपरेतले मिशनरी श्वार्ट्स हे तंजावरच्या मराठी राजघराण्यातील दुसऱ्या सरफोजीराजांचे पालक आणि शिक्षक होते. मराठी मुलांना हा दुवा ठाऊक असावा. मध्य प्रांतात स्वीडनचे लुथरन मिशनरी १८७७ पासून आले, आणि छिंदवाड्याला केंद्र असलेले आजचे इव्हँजेलिकल लुथरन चर्च इन मध्य प्रदेश त्यांच्या कामातून उभे राहिले. मात्र लुथर यांच्यावर आपला विश्वास नाही, तो ख्रिस्तावर आहे, हे या हकिकतीबरोबरच सांगून ठेवा. लोकांनी आपल्याला त्यांचे नाव घेऊन ओळखावे हे त्यांना स्वतःलाच पसंत नव्हते.

पती घरी असतील त्या रात्री प्रार्थना त्यांनी घ्यावी, आणि पाळीवर असतील तेव्हा ती चुकू नये म्हणून तुम्ही घ्यावी. दोघांचे शब्द एकच असू द्या. पुढच्या सुटीत छिंदवाड्याला गेलात की मुलीला तिचा बाप्तिस्मा जेथे झाला ते पात्र दाखवा आणि तेथील पाळकांना भेटवा. तीन-चार वर्षांनी तिच्या दृढीकरणाच्या, म्हणजे आपल्या विश्वासाची मंडळीपुढे स्वतः कबुली देण्याच्या विधीच्या, वर्गाचा प्रश्न येईलच, त्यामुळे ही ओळख लवकर झालेली बरी. नागपुरात तुम्ही दिलेल्या उत्तरांनंतरही तिच्या मनात काही शंका उरल्या असतील तर त्या तिने एका कागदावर लिहून न्याव्यात आणि पाळकांना स्वतः विचाराव्यात. तुम्ही शेजारी बसा, पण तिच्या वतीने बोलू नका.